सीसीएचएसच्या रजिस्ट्रीत नोंद करताना या चुका टाळा

सीसीएचएस (कंजेनिटल सेंट्रल हायपोव्हेंटिलेशन सिंड्रोम) या दुर्मीळ, जन्मजात आजारात मूल झोपलं की मेंदू श्वासाला पुरेशी चालना देत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, तरी मूल धाप टाकत नाही की जागं होत नाही. एका रुग्णालयाच्या वाट्याला असे रुग्ण मोजकेच येतात. त्यामुळे संशोधन उभं राहतं ते शिकागोतल्या आंतरराष्ट्रीय रजिस्ट्रीसारख्या, अनेक ठिकाणच्या रुग्णांची माहिती एकत्र ठेवणाऱ्या नोंदींवर. इतक्या कमी रुग्णांत एक चुकीचा रकानाही निष्कर्ष फिरवू शकतो, म्हणून त्याच त्या चुका पाहून जीव तुटतो.

जनुक तपासणीच्या रिपोर्टवर 'निगेटिव्ह' वाचून मोकळं होणं. फॉक्स-टू-बी (PHOX2B) या जनुकाशी आजाराचा संबंध २००३ मध्ये जुळला. निरोगी माणसात जनुकाच्या दोन्ही प्रतींत २० अॅलनिनची (अॅलनिन हा प्रथिनाचा एक घटक) माळ असते. सुमारे ९० टक्के रुग्णांत एका प्रतीतली माळ वाढून २४ ते ३३ पर्यंत गेलेली असते. एकच तुकडा पुन्हा पुन्हा येणारा हा भाग एक्सोम तपासणीतून (सगळ्या जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग एकदम वाचणारी तपासणी) निसटू शकतो.

एका बाळाचं असंच झालं. एक्सोममध्ये काही सापडलं नाही, रुग्णालयाने रजिस्ट्रीत 'जनुकदोष नाही' भरलं आणि आईवडिलांना पुढच्या बाळाची चिंता नको म्हणून सांगून टाकलं. इकडे बाळाचा रात्रीचा कार्बन डायऑक्साइड चढतच होता. त्याच डीएनएवर फ्रॅगमेंट अॅनालिसिस (माळेची लांबी मोजणारी तपासणी) करा म्हणून मी हटून बसले. निकाल आला २०/२६, म्हणजे एका प्रतीत २० आणि दुसरीत २६. आई किंवा वडिलांच्या काही पेशींतच हा दोष दडलेला असू शकतो, म्हणून त्या दोघांचीही तपासणी लागतेच. ती इतके दिवस राहून गेली होती.

रिपोर्ट हातात आला की निष्कर्षाआधी मी 'पद्धत' वाचते. फ्रॅगमेंट अॅनालिसिसमध्येही काही नसेल, तर पूर्ण जनुकाचं सीक्वेन्सिंग (अक्षर न् अक्षर वाचन) करून मगच 'नाही' लिहायचं.

नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिणं. माळेचा आकडा लिहा. २०/२५ चा रुग्ण मोठेपणी, भूल दिल्यावर पहिल्यांदा लक्षात येऊ शकतो. माळेची लांबी सोडून जनुकात दुसराच बदल असेल, तर न्यूरोब्लास्टोमा (मज्जापेशींचा कर्करोग) आणि हिर्शस्प्रंगचा (मोठ्या आतड्यात मज्जापेशी नसण्याचा आजार) धोका जास्त. हे सगळे एका खुणेखाली कोंबले तर संशोधकाने शिकायचं काय?

न केलेल्या तपासणीपुढे 'नाही'. मला सर्वात चीड येते ती याची. या मुलांचं हृदय मध्येच काही सेकंद थांबू शकतं. २०१० च्या अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या निवेदनात दरवर्षी ७२ तासांचा होल्टर (हृदयाचे ठोके सलग नोंदवणारं, अंगावर लावायचं यंत्र) सांगितला आहे, आणि ३ सेकंद किंवा त्याहून मोठा विराम दिसला तर पेसमेकरचा विचार. होल्टर लावलाच नाही आणि 'विराम : नाही' भरलं, तर तो रुग्ण सुरक्षित गटात मोजला जातो. नव्या लोकांना फॉर्म पूर्ण भरून हिरवा झालेला बघायची फार घाई असते. 'तपासणी केली नाही' हा पर्याय फॉर्ममध्ये नसेल, तर तो घालून घेईपर्यंत मी तो रकाना रिकामा ठेवते.

मागच्या वर्षीची नोंद तशीच उतरवणं. व्हेंटिलेटर फक्त झोपेत की चोवीस तास, हे दर भेटीत घरच्यांनाच विचारा.

मृत रुग्ण यादीतून काढणं. काढू नका. तारीख आणि कारण लिहा.

जन्मतारीख, गाव आणि म्युटेशन एकत्र पाठवणं. एवढ्यावरून मूल ओळखू येतं. मी वय आणि राज्य एवढंच पाठवते. मूल १८ वर्षांचं झालं की नवी संमती त्याच्याकडून घ्या, आईवडिलांची जुनी सही तेव्हा चालत नाही.