६०% कीबोर्डवर अ‍ॅरो कीज बसवा कॅप्स लॉकखाली

६०% कीबोर्ड (पूर्ण कीबोर्डच्या साधारण ६०% कीज असलेला छोटा कीबोर्ड) बॅगेत सहज मावतो, पण त्यात अ‍ॅरो कीज नसतात. कीबोर्डला ‘व्हिया’ (कीजची कामं बदलण्याचं सॉफ्टवेअर) चालत असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे.

१. कीबोर्ड केबलने जोडा. ब्लूटूथवर व्हियाला तो दिसत नाही. क्रोम किंवा एजमध्ये व्हियाची वेबसाइट उघडा. फायरफॉक्समध्ये चालणार नाही.
२. लेयर ० वर (लेयर म्हणजे कीजच्या कामांचा एक संच; ० हा नेहमीचा) कॅप्स लॉक निवडून तिथे ‘एमओ(१)’ टाका, म्हणजे कॅप्स लॉक दाबून धरेपर्यंत लेयर १ चालू राहील.
३. लेयर १ वर आय, जे, के, एल या जागी अनुक्रमे वर, डावा, खाली, उजवा अ‍ॅरो द्या. यू आणि ओ वर होम-एंड ठेवले की हात जागचा हलत नाही.
४. लेयर १ वरची कॅप्स लॉकची जागा मात्र उलट्या त्रिकोणाचीच (▽, म्हणजे खालच्या लेयरचंच काम) ठेवा.

मांडणी कीबोर्डच्याच मेमरीत राहते, त्यामुळे ऑफिसच्या संगणकावर काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. तरी मांडणीची जेसन फाइल व्हियातून सेव्ह करून ठेवाच. फर्मवेअर (कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं की मांडणी पुसली जाऊ शकते.

सावधान: मॅक-विंडोज स्विच असलेल्या कीक्रॉन कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत विंडोजसाठी लेयर २ आणि ३ असतात. तिथे लेयर ० ऐवजी २, लेयर १ ऐवजी ३, आणि ‘एमओ(१)’ ऐवजी ‘एमओ(३)’.