आधी सायलेन्सरचा धूर बघा

गाडी कुरकुरायला लागली की सायलेन्सरमागे उभं राहून धूर बघा. निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. काळा असेल तर इंधन जास्त किंवा हवा कमी. बऱ्याचदा एअर फिल्टरच चोंदलेला निघतो. थंडीत सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ काळजीची नाही. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, इंजिनच्या आत शिरत असण्याची दाट शक्यता. डिपस्टिक (ऑइल तपासायची पट्टी) काढून पाहा: ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर गाडी सुरूच करू नका, टो करून न्या. तशीच दामटलीत तर साध्या गॅस्केटच्या (इंजिनच्या जोडातल्या सीलच्या) कामाचं अख्खं इंजिन उतरवण्यात रूपांतर होतं.

मेकॅनिकला नुसतं ‘आवाज येतोय’ म्हणू नका. इंजिन थंड असताना येतो की चढावर, ॲक्सिलरेटर दाबल्यावर की सोडल्यावर, ते सांगा. फोनवर रेकॉर्ड करून नेलात तर फारच उत्तम. मेकॅनिक गाडीला स्कॅनर (बिघाड वाचणारं यंत्र) जोडेल, त्यावरचा कोड लिहून घ्या. कोड बिघाडाची दिशा दाखवतो, कुठला पार्ट गेलाय ते दरवेळी सांगत नाही. म्हणून तपासणीआधीच कुणी सेन्सर बदलायला निघालं, तर थांबवा.