वृद्धाश्रमात पहिल्यांदा जाताय? ‘ओळखलंत का मला?’ एवढं विचारू नका

एनएसएसचे, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे, तास भरायचे म्हणून जाणार असाल तरी काही बिघडत नाही. दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, त्यातले थोडे इकडे द्या. फक्त दहा जणांनी मिळून जायचं, फळं वाटायची, फोटो काढायचे आणि परत, हे करू नका. फोटोसाठी आजी-आजोबांना ताटकळत बसावं लागतं आणि कुणी काहीच शिकत नाही. एकटे जा, फार तर दोघं. वार आणि वेळ ठरवून घ्या आणि पाळा, कारण तिथे तुमची वाट बघितली जाते. सकाळचा नाश्ता आणि औषधं आटोपली की दहानंतरची वेळ चांगली. स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी बऱ्याच जणांची घालमेल दिवस कलताना वाढते. नवख्याने संध्याकाळी जाऊ नये.

आता मुख्य मुद्दा. ‘आजी, ओळखलंत का मला?’ हा प्रश्न. लग्नकार्यात आपण प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तो विचारतो, त्यामुळे तो तोंडात बसलेला असतो. मीही सुरुवातीला तेच विचारत होते. आजी हसून ‘हो, ओळखलं की’ म्हणायच्या आणि मग गप्प. मला वाटायचं, त्यांना मी आलेली आवडत नाही. घरी येऊन रडलेही आहे. शेवटी तिथे सगळ्यांची देखभाल करणाऱ्या मावशींनी सांगितलं, ‘अगं, त्यांची परीक्षा कशाला घेतेस?’

स्मृतिभ्रंशात बहुधा आधी ताज्या आठवणी जातात. लहानपणीचा वाडा, त्यातला हौद, शेजारणीचं नाव लख्ख आठवतं आणि मागच्या शनिवारी आलेली मुलगी पुसली जाते. नाव आठवत नाही हे त्यांना कळतं. लाज वाटते, म्हणून वेळ मारून नेतात आणि पुढे काही बोललो तर पकडले जाऊ या धास्तीने बोलणंच टाळतात. विसराळूपणा नसेल तरी मोतीबिंदू असतो, दारातून येणाऱ्या उजेडात तुमचा चेहरा काळाच दिसतो. म्हणून समोर जाऊन बसा आणि आपणच सांगा: ‘आजी, मी सायली. शनिवारी येते. मागच्या वेळी आपण गवार निवडली होती.’ प्रत्येक वेळी सांगा, वर्षभर जात असलात तरी सांगा. ‘आठवतंय ना?’ हे शेपूट जोडू नका, तोही तोच प्रश्न आहे. आणि त्यांनी साल चुकवलं, नवऱ्याच्या जागी भावाचं नाव घेतलं, तर दुरुस्त करू नका. तुम्ही तिथे पंच म्हणून गेलेला नाही.

हे एक जमलं की बाकीचं सोपं होतं, खरंच. मी प्रश्न विचारणं सोडलं तेव्हा त्या आजी आपणहून बोलू लागल्या. त्या टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या, म्हणजे परगावचे फोन हाताने कॉर्ड खोचून जोडून द्यायच्या. मी शेजारच्या आजोबांशी मोठ्याने बोलत होते, तर मनगट धरून म्हणाल्या, ‘ओरडू नकोस. आवाज खाली आण आणि शब्द सुटा टाक.’ मग दोन बोटांनी हवेत कॉर्ड खोचल्यासारखं करून एकेक आकडा म्हणून दाखवला, प्रत्येकानंतर एक श्वास थांबून. वयोमानाने आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. ओरडलं की आपली पट्टी आणखी चढते. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. आज नोकरीत फोनवर बोलताना मी आकडे तसेच सांगते.

‘पानशेत धरण फुटलं त्याचं सांगा ना’ अशी सुरुवातही नको. पुण्यातल्या पोरांना दुसरं काही सुचत नाही. १२ जुलै १९६१ ही कुणासाठी घर वाहून गेल्याची तारीख आहे. सांगायचं असेल तर निसन हटमधल्या, म्हणजे पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या अर्धगोल घरांमधल्या, दिवसांपासून सगळं आपणहून येतं. त्या दिवशी घड्याळ बघू नका.

गुरू कोण म्हणाल तर मावशी. माहितीपत्रक वाचून किंवा व्हिडिओ बघून ही कामं येत नाहीत. कुणाला उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, हे मावशीच शिकवतात. त्यांना विचारल्याशिवाय कुणाच्या तोंडात काही घालू नका, पेढाही नाही. साखरेचं तर आहेच, पण गिळायला त्रास असलेल्या माणसाला साधं पाणीही ठसकतं.

पैसे, एटीएम, पासबुक यांना हात लावू नका, कितीही गळ घातली तरी. नोव्हेंबरात पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याला मात्र जरूर मदत करा. बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र घेत नाही आणि माणूस हवालदिल होतो. आता चेहरा दाखवूनही दाखला निघतो. व्यवस्थापकांना शेजारी बसवून करा.

एखाद्या आठवड्यात पलंग रिकामा दिसेल. त्या दिवशी लगेच निघून जाऊ नका, शेजारच्या पलंगाजवळ बसा. रडू आलं तर येऊ दे, त्यात कमीपणा नाही. पुढच्या आठवड्यात मात्र जा.

सर्दी-खोकला असेल तर फोन करून कळवा आणि घरीच थांबा. पावसाळ्यात छत्री आणि रेनकोट दाराबाहेर ठेवा. ओल्या फरशीवर पाय घसरला की या वयात खुबा मोडतो आणि त्यातून उठणं फार कठीण जातं.