जानेवारीत जाळलेली रेषा मार्चमध्ये पुन्हा झाडा

यंदा पहिल्यांदा जाळरेषेच्या कामावर किंवा आगीच्या टोळीत येणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. जाळरेषा म्हणजे आग पलीकडे जाऊ नये म्हणून जंगलात गवत कापून, जाळून मोकळा ठेवलेला पट्टा. मी यावल-रावेरकडच्या सातपुड्यात टोळी सांभाळतो. वर पालचं पठार, खाली केळीचा पट्टा आणि मधल्या उतारावर साग, अंजन, सालई, धावडा. सगळं पानझडीचं जंगल, म्हणून आमच्या कामाचं वेळापत्रक झाडंच ठरवतात.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. जाळरेषा एकदा काढून होत नाही. जानेवारीत रेषा स्वच्छ निघते, मोजमाप होतं, फोटो निघतात, सगळे खूश. पण सागाची बरीचशी पानगळ त्यानंतरच व्हायची असते. मार्चमध्ये त्याच रेषेवर घोटाभर पाचोळा साचतो आणि आग त्यावरून सरळ पलीकडे जाते. ज्या टोळीनं मार्चमध्ये झाडलं नाही, तिनं जानेवारीत कामच केलं नाही असं मी धरतो.

सरकारी हिशोबात आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. म्हणजे कापणी आणि जाळणी त्याआधी उरकायला हवी. कापणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, गवत पिवळं पडतंय पण दांड्यात अजून थोडा ओलावा आहे तेव्हा करा. तेव्हा ते मुळाशी कापलं जातं. पार वाळल्यावर गेलात तर कुसळं कपड्यात घुसतात, दांडे मोडतात आणि बुडखे वीतभर उभे राहतात. कापलेलं गवत रेषेच्या मधोमध ओढा, कडेला ढीग लावू नका. कडेचा ढीग पेटला की जाळ आतल्या जंगलाकडे झुकतो. मग दोन्ही कडांना दोन-दोन हात रुंद पट्टा कुदळीनं-फावड्यानं थेट मातीपर्यंत खरवडा. कंटाळवाणं काम आहे, कंबर मोडते, पण जाळताना जीव त्या दोन पट्ट्यांवरच असतो. ते नीट झालेत की नाही हे मी स्वतः चालून बघतो.

आडवं पडलेलं लाकूड रेषेवर ठेवायचं नाही. ओंडका वातीसारखा आग पलीकडे नेतो, तेही सगळे जेवायला बसल्यावर. रेषेला लागून उभं वाळकं झाड असेल तर वनरक्षकाला दाखवा, काय करायचं ते तो ठरवेल. आत लांब असलेल्या वाळक्या झाडाला हात लावू नका, त्याच्या ढोलीत घुबडं-पोपट राहतात. आतला पाचोळाही झाडायचा नाही. तो जमिनीचं पांघरूण आहे. तो गेला तर पहिल्याच पावसात माती वाहून तापीला जाते. आपलं काम रेषेपुरतं.

घाणेरीच्या जाळ्या नुसत्या वरून छाटल्या तर पावसाळ्यात दुप्पट फुटतात. मातीखाली तीन-चार बोटं मुळाचा गड्डा तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, मुळं वर. हे फळं पिकायच्या आत करा, नाहीतर ओढताना बी तुम्हीच पेरत जाता.

खाजकुयली ओळखायला पहिल्या दिवशीच शिका. वेलावर सोनेरी-तपकिरी लव असलेल्या शेंगा लटकतात. विळ्याचा धक्का लागला की लव उडते आणि मानेत, कोपरात, पापण्यांवर बसते. चोळलं की ती आणखी आत जाते. आमच्या टोळीतली एक मावशी वेल दिसला की सगळ्यांना थांबवते, ओलं पोतं टाकून शेंगा दाबते, मग बुडाशी वेल कापते. अंगाला लागलीच तर आमच्याकडे ओलं शेण लावतात आणि वाळलं की खरडून काढतात. डोळ्यात गेली तर फक्त भरपूर पाणी, आणि त्या माणसाला खाली पाठवा.

जाळण्याचा दिवस वनरक्षकाशिवाय ठरत नाही. राखीव जंगलात मनानं काडी ओढणं हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 खाली गुन्हा आहे. सकाळी दव उडालं की सुरू करा आणि वारा उठायच्या आत थांबा. दुपारी नाहीच. संध्याकाळी सुरू केलंत तर रात्रभर निखारे राखायला माणसं ठेवा. उतारावर वरून खाली जाळत या, सपाटीवर वाऱ्याच्या विरुद्ध. अशी आग हळू सरकते आणि हातात राहते. चढावर आगीचा वेग झपाट्यानं वाढतो: उतार 10 अंशांनी चढा झाला की वेग साधारण दुप्पट होतो.

पेटवणारा एकच माणूस. बाकीचे दोन्ही कडांना हिरव्या फांद्या घेऊन. पळसाला तेव्हा पानं नसतात, म्हणून ओढ्याकाठच्या करंजाच्या किंवा जांभळाच्या फांद्या आदल्या दिवशी आणून ओल्या गोणपाटात ठेवा. फांदी आपटायची नाही, दाबून ओढायची. आपटली की ठिणग्या उडतात. पाण्यासाठी शेतातला फवारणीचा पंप फार कामाचा, पण तो आधी नीट धुवा. कापसावर मारलेलं औषध गरम धुरातून नाकात जायला नको.

काडी लावण्याआधी वर बघा. कड्याला किंवा उंच फांदीला आग्या मोहोळ लटकत असेल तर ती जागा सोडा, फक्त हातानं खरवडून घ्या. धुरानं पोळं उठलं तर माणसं आग सोडून पळतात आणि मग दोन्ही हाताबाहेर जातं.

आता मार्चची झाडणी. ब्लोअर, म्हणजे हवेनं पाचोळा उडवणारं मशीन, असेल तर चौघांची जोडणी लावा: एक मशीनवर, एक पेट्रोल-ऑइलच्या डब्यासाठी मागे लांब, दोघं दंताळं घेऊन राहिलेला पाचोळा ओढायला. मशीन थंड झाल्याशिवाय पेट्रोल ओतू नका. ज्या बाजूचं जंगल वाचवायचं आहे त्याच्या उलट बाजूला पाचोळा उडवा. खोलगट जागी वाऱ्यानं पुन्हा साचतो, तिथे दर आठवड्याला फेरी हवी. अंजनाची पानं बारीक, ती दगडांच्या फटीत अडकतात. तिथे ब्लोअरपेक्षा खराटा बरा.

माणसांचं नियोजनही याच दिवसांसाठी करा. होळीच्या आधी आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात, टोळीतली पावरा-बारेला समाजाची पोरं गावी जातात, आणि जायलाच हवीत. वर्षाचा सण आहे, तो अडवू नका. नेमका तेव्हाच पाचोळा सर्वात जास्त असतो, म्हणून होळीच्या आधीची झाडणी पक्की करा आणि सणाच्या आठवड्यात पायथ्याच्या दुसऱ्या गावांतली माणसं आधीच सांगून ठेवा. केळीची कापणी चालू असेल तर तिकडच्या मजुरीशी स्पर्धा होते, हेही आधी बोलून घ्या.

मोहाखाली फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाला जाळतात, आणि तीच आग कधीकधी वर चढते. वेचणाऱ्या बायांवर ओरडून काही होत नाही, ते त्यांचं पोट आहे. आम्ही मोह गळायच्या आधी त्यांच्यासोबत झाडाखाली झाडून घेतो, जुनी साडी किंवा जाळी अंथरतो. फुलं स्वच्छ मिळतात, माती लागत नाही, आग लावायची गरजच उरत नाही. खाली शेतकरी काढणीनंतर बांध पेटवतात, त्यांच्याशीही फेब्रुवारीतच बोला.

आग लागलीच तर धावत सुटू नका. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाचा उपग्रहावरून मिळालेला इशारा मोबाइलवर येतो, पण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर साधारण 375 मीटरचा चौकोन. आग पलीकडच्या नाल्यातही असू शकते. म्हणून टेकडीवर एक माणूस बसलेला हवाच. गावकऱ्यांना 1926 हा वन विभागाच्या हॅलो फॉरेस्ट मदतवाहिनीचा नंबर सांगून ठेवा.

अंगावर सुती कपडे, पूर्ण बाह्या, चामडी बूट. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. चढणाऱ्या आगीच्या वर कधीच उभं राहू नका आणि अरुंद नाळीत शिरू नका. काम सुरू करण्याआधी पळायची वाट सगळ्यांना बोटानं दाखवा. सर्वात सुरक्षित जागा बहुधा आधीच जळून गार झालेली जमीन असते. 2024 च्या जूनमध्ये उत्तराखंडातल्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या पथकातले चार जण जागीच जळून गेले. ते आपल्यासारखेच कामाला गेलेले लोक होते. मुकादमानं “चल रे भो, मागे फिर” म्हटलं की वाद घालायचा नाही. जंगल पुन्हा फुटतं.

ज्वाळा गेल्या म्हणजे आग विझली नाही. कडेच्या बुंध्यांजवळ, वाळक्या शेणाजवळ, ओंडक्याखाली हाताची मागची बाजू जमिनीला न लावता जवळ न्या. धग लागली की उकरा, माती घाला, पुन्हा बघा. उतारावरचे जळके ओंडके घरंगळतात, त्यांना दगडाची अडण लावा. दुसऱ्या दिवशी दुपारी, वारा असताना, परत एक फेरी.

पाऊस लागला की ब्लोअरची टाकी रिकामी करा, विळे-कोयत्यांना तेल लावा, आणि आग जिथे जिथे रेषा ओलांडून गेली त्या जागा वनरक्षकाच्या नकाशावर खुणावून द्या. नोव्हेंबरची कापणी तिथूनच सुरू होते.