शुगर असलेल्या बाईनं 'तिथला' त्रास डॉक्टरांना कसा सांगावा

खाली खाज, संबंधाच्या वेळी आग, नाहीतर मनच होत नाही. हीच तक्रार घेऊन मी स्वतः दवाखान्यात गेले, आणि नंतर गावातल्या कितीतरी जणींना घेऊन गेले. "कोनाले सांगू नोको व" असं सांगणाऱ्या जावेचं आधी ऐकणं बंद करा.

हळदीचं पाणी, तुरटी, जंतुनाशक, सगळं बंद. बाहेरून साधं पाणी, बस. मेडिकलातून खाजेची कोणतीही ट्यूब आणून लावू नका. बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी दुप्पट जोरानं येते.

त्रास नेमका कोणता, ते घरीच ओळखा. खाज आणि दह्यासारखं पांढरं जात असेल तर बहुतेक बुरशी, कारण साखर वाढली की ती लघवीतूनही जाते आणि बुरशीचं फावतं. कोरडेपणा आणि दुखणं वेगळं. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की नसा आणि बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, ओलावा कमी येतो. पाळी जायला आली असेल तर त्यात भर. मन न होण्यामागे थकवा असतो, उदासी असते, कधी बीपीची गोळीही असते.

आता खरी अडचण. ओपीडीत टेबलाभोवती पाच-सहा माणसं उभी असतात. पहिल्यांदा मी डॉक्टरांसमोर बसले, तोंड उघडलं आणि म्हणाले, "कमजोरी वाटते." लोहाच्या गोळ्या घेऊन घरी आले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा पोरीच्या वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं: शुगर किती वर्षं, गोळ्या कोणत्या, खाज कधीपासून, संबंधाच्या वेळी दुखतं का, पाळी चालू आहे का. ती चिठ्ठी केसपेपरच्या वर ठेवली. डॉक्टरांनी वाचली, सिस्टरला बोलावलं, बाकीच्यांना बाहेर पाठवलं.

चिठ्ठीत 'गुप्त आजार' लिहू नका, 'कमजोरी' तर नाहीच. 'योनी' लिहा. उच्चारताना जीभ अडखळत असेल तर चुलीपुढे बसून चार वेळा म्हणून बघा. मला हसू आलं होतं, पण उपयोग झाला. सासूबाई सोबत असतील तर त्यांना बीपी मोजायच्या रांगेत बसवा. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर सिस्टर आत हवी, हे बिनधास्त सांगा. संकोच होत असेल तर ग्रामीण रुग्णालयात बाईडॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते आशाताईला विचारा.

गोळ्यांची पाकिटं सोबत न्याच. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल तर ती गोळी लघवीवाटे साखर बाहेर काढते, म्हणून बुरशी वाढू शकते. मनानं ती बंद करू नका, फक्त डॉक्टरांना दाखवा.

योनीत ठेवायची गोळी मिळाली तर रात्री झोपताना ठेवायची. ती गिळायची नसते! माझ्यासमोर दोघींनी गिळली आहे. साखर जास्त असताना हा उपचार सात ते चौदा दिवस चालतो. तिसऱ्या दिवशी खाज थांबली म्हणून सोडू नका. नवऱ्यालाही खाज असेल तर त्यालाही दाखवा, आणि त्याची शुगरही तपासून घ्या.

कोरडेपणासाठी मेडिकलात पाण्यावर आधारित जेल मिळतं. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल नको, रबर कमजोर होतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उशाशी साखर ठेवावी, कारण संबंधानंतर कधी साखर एकदम उतरते आणि घाम, थरथर येते.

चिठ्ठी फेकू नका. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी झाली की आकडा तिच्याच मागच्या बाजूला लिहा. त्रास पुन्हा उपटला, तर तेच पान घेऊन जा.