'इन्फ्लक्स' पाठ करू नका, फोडा

मी दहावीच्या मुलांना हा इंग्रजी शब्द फळ्यावर दोन तुकडे करून देते: 'इन' म्हणजे आत, आणि लॅटिन 'फ्लुएरे' म्हणजे वाहणं. झाला इन्फ्लक्स, आत वाहत येणं.

मग त्याची भावंडं शोधायला लावते. फ्लुइड, फ्लुएंट आणि माझा लाडका इन्फ्लुएन्स! ताऱ्यांतून माणसात काहीतरी वाहत येतं, या जुन्या समजुतीतला. इटालियनमधून आलेला इन्फ्लुएन्झाही त्याच घरातला.

'फ्लो' मात्र या घरात घालू नका. दिसायला सारखा, पण तो जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या मूळ भाषाकुळातला. आपल्या संस्कृत 'प्लु' (तरंगणं) धातूचा नातेवाईक.

मराठीत आणताना वाक्य बघा: धरणात पाण्याची आवक, देणग्यांचा ओघ, पर्यटकांचा लोंढा. पाहुण्यांसाठी लोंढा लिहिलात, तर मी गुण कापते.