विमानाच्या भीतीसाठी गोळी लिहून देताना

आधी विचारा: धास्ती विमानाची की नुसती ओकारीची? ओकारीवर झोपेच्या गोळीचं काम नाही. पेशंट सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठून सकाळी विमानात बसणार असेल, तर गोळी रेल्वेत संपवू नका असं बजावून सांगा.

लोराझेपाम (धास्ती कमी करणारी, गुंगी आणणारी गोळी) ०.५ मिग्रॅ, फार तर १ मिग्रॅ, उड्डाणाच्या तासभर आधी. साठीपुढे ०.५ पुरे, नाहीतर विमानतळाच्या जिन्यावरच तोल जातो. जायला एक, यायला एक आणि चाचणीची एक, बस्स. अख्खी स्ट्रिप मागतील, देऊ नका. चाचणीची गोळी आठवडाभर आधी, सुट्टीच्या दिवशी, घरीच. काहीजण शांत होण्याऐवजी उलट चिडतात, बरळतात. त्या दिवशी स्कूटरला हात नाही.

झोपेत श्वास अडकणं, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार), गरोदरपण, व्यसनाचा इतिहास असेल तर नकोच. ट्रामाडॉल (जोरदार वेदनाशामक) किंवा दारू सोबत गेली तर श्वास मंदावतो. ॲव्होमिन ही ओकारीची गोळी मेडिकलमधून परस्पर घेतलेली असते, म्हणून नाव घेऊनच विचारा; गुंगी दुप्पट होते.

दुबईला जाणाऱ्यांनी तिथली परवानगी आधी काढावी, कारण ही औषधं तिकडे नियंत्रित आहेत. प्रिस्क्रिप्शनवर जेनेरिक नाव लिहा.